रंगकाट

श्वास तपासायची पट्टी काळी निघाली की पेढे वाटायचे दिवस आले होते, आणि मथुराआत्याला ते मुळीच पसंत नव्हतं. काळं तोंड, काळी जीभ, काळी नजर... जन्मभर ज्या शब्दानं माणसं एकमेकांना शिव्या घालत आली, तोच शब्द आता लग्नाच्या बोलणीत मिरवायला लागला होता. "आमच्या मुलीची पट्टी काळी आहे हो!" असं सांगताना बापाची मान ताठ व्हायची. येवल्याच्या बाजारात म्हाताऱ्या बायका भेटलेल्या लेकीसुनांना आशीर्वाद द्यायच्या, "पट्टी काळी राहो बाई तुझी." आत्या ऐकायची आणि फणकारायची, "उद्या शेणात पाय पडला तरी ओवाळा मेल्यांनो एकमेकांना."

आत्या तशी एकट्या सुयोगची, पण सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची. कुंकू पुसून माहेरी आली तेव्हा ती पोरसवदा होती. भावाची रेशीम रंगवायची भट्टी होती, तिथं ती राबायला लागली. पुढं भावजय गेली, मग भाऊ गेला. भट्टीही तिच्याच गळ्यात पडली आणि भावाचं पोर सुयोगही. तिनं दोन्ही नीट पेटती ठेवली. शाळा दुसरीतच सुटलेली, सही करताना 'थु'चा उकार हमखास राहायचा. पण तिच्या हातून उतरलेला लाल धागा विणकर डोळे झाकून मागावर चढवायचे. तो धुण्यात उतरला, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

सुयोगसाठी हेमांगीला बघायला ती कोपरगावला गेली, तेव्हा पहिलाच प्रश्न तिनं टाकला होता, "काय काम करतेस गं तू?"

"दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. थुंकीतले क्षयाचे जंतू रंगवून बघते."

थुंकी म्हटल्यावर आत्याचं नाक वर गेलं होतं, पण 'रंगवते' म्हटल्यावर ते खाली आलं. "रंगवतेस? कशी?"

मग त्या पोरीनं चहाचा कप बाजूला सारून सांगितलं होतं. काचेवर थुंकी पातळ पसरायची, वाळवायची. वरून लाल रंग ओतायचा आणि खालून ज्योत धरायची, वाफ निघेपर्यंत. ऊन रंग आत शिरतो. मग आम्लानं धुवायचं. बाकी सगळ्यांचा रंग निघून जातो, क्षयाच्या जंतूचा तेवढा जात नाही. त्याच्या अंगावर मेणासारखं जाड कवच असतं, ते एकदा घेतलेला रंग सोडत नाही. शेवटी निळा रंग द्यायचा. भिंगातून बघितलं की निळ्या रानात बारीक लाल काड्या दिसतात.

"म्हणजे माणसाचा रंग कच्चा," आत्या म्हणाली होती, "आणि त्या मेल्याचा पक्का."

"हो. अगदी तसंच."

आत्यानं तिथल्या तिथं सुपारी फोडायला लावली. बाहेर मात्र वर्षभर सांगत फिरली, "काय करायचं, थुंकी तपासणारी मिळाली आमच्या नशिबाला."

साखररंग आला तो हेमांगीच्या लग्नानंतर. जुन्या रंगाची एक मोठी अडचण होती. जिता जंतू लाल दिसायचा आणि मेलेलाही लालच. गोळ्या घेऊन बरा झालेला माणूससुद्धा कैक दिवस काचेवर लाल दिसत राहायचा, आणि लोक त्याचं ताट वेगळं ठेवत राहायचे. मग कुणा शहाण्यांनी ओळखलं की हा जंतू आपला मेणाचा अंगरखा विणताना एक ठरावीक साखर वापरतो. त्या साखरेच्या पाठीवर त्यांनी रंगाचं ओझं बांधून दिलं. रंगही असा चलाख, की पाण्यात अंधारा राहायचा आणि मेणात शिरला तरच पेटायचा. जिता जंतू साखर खातो, अंगरख्यात विणतो आणि हिरवा उजळतो. मेलेला खात नाही, म्हणून उजळत नाही. एवढंच.

आता थुंकीचीही गरज उरली नव्हती. आतून पट्टी शिवलेला मास्क तोंडाला लावायचा, थोडा वेळ बोलायचं, खोकायचं. मग पट्टीवर साखररंगाचा थेंब टाकायचा आणि फोनला चिकटवायच्या भिंगातून बघायचं. कोपऱ्यातला एक ठिपका कारखान्यातूनच आलेला असायचा. तो पेटला म्हणजे रंग चांगला आहे असं समजायचं. बाकी पट्टी काळी, तर श्वास स्वच्छ.

हेमांगीला सातवा लागला तेव्हा आत्याला खोकला लागला.

"भट्टीचा धूर आहे गं," आत्या म्हणाली.

"भट्टी गॅसवर येऊन सहा वर्षं झाली, आत्या."

"मग गॅसचा धूर."

हेमांगीनं मास्क आणून आत्याच्या तोंडाला स्वतःच्या हातानं बांधला आणि समोर बसून म्हणाली, "आता शिव्या द्या मला. जितक्या येतात तितक्या." आत्यानं हात आखडता घेतला नाही. पट्टी अशी पेटली की सुयोगला भिंगही लागलं नाही.

त्या दिवसापासून आत्याचा बिछाना अंगणापलीकडच्या भट्टीच्या खोलीत गेला. गोळ्या सुरू झाल्या. एक चुकली नाही, कारण बाळंतपणाला माहेरी गेलेली हेमांगी कोपरगावहून रोज फोनवर जीभ बाहेर काढायला लावायची. तिकडंच तिला मुलगी झाली. आत्यानं नात पाहिली ती फोनवर, मुठी आवळलेली आणि भुवया चढवलेली. "माझ्यावर गेलीय," आत्या म्हणाली. हे तिचं लाड करणं होतं.

बारसं येवल्यात करायचं ठरलं, आणि त्याला कारण आत्याच. सुयोगला बहीण नाही. म्हणजे कानात नाव सांगायचा मान बापाच्या आत्याचा. सुयोगचं नाव त्याच्या कानात तिनंच सांगितलं होतं, गल्लीतल्या निम्म्या पोरांचंही तिनंच. पाळण्यावर वाकून 'कुर्रर्र' म्हणायचं, नाव फुंकायचं आणि मागून बायकांचे धपाटे पाठीत घ्यायचे. ती पाठ गल्लीत एकच होती. आणि नाव काय ठेवायचं, हे त्या घडीपर्यंत आत्याशिवाय कुणाला ठाऊक नसायचं.

हेमांगीनं फोनवर स्पष्ट सांगितलं, "आत्या, मान तुमचाच. पण आधी पट्टी काळी हवी. नाहीतर पाळण्याजवळ नाही."

"आणि नसली तर?"

"आई म्हणत होती, सुयोगची ती नाशिकची चुलतबहीण आहे..."

"ती? जिला स्वतःच्या पोराचं नाव अजून नीट उच्चारता येत नाही?" आत्या कडाडली. पुढं खोकला आला म्हणून वाक्य अर्धंच राहिलं.

बारशाच्या आदल्या दिवशी सुयोगनं मास्क आणून दिला. आत्यानं तो लावला, अंगणात येरझारा घातल्या, भट्टीत जाऊन रेशमाच्या लडी उलट्यापालट्या केल्या. खोकला पहिल्यापेक्षा निम्मा झाला होता. अंगही जरा भरलं होतं. बरीच आहे की मी, तिला वाटत होतं. पण पहिली पेटलेली पट्टी डोळ्यांसमोरून जात नव्हती. कोपऱ्यात फळीवर रंगकाटाचा डबा होता.

रंगकाट म्हणजे रंगाऱ्याचं शेवटचं हत्यार. लड चुकून भलत्याच रंगात पडली, डाग बसला, तर गरम पाण्यात चिमूटभर रंगकाट टाकायचं. पक्क्यातला पक्का रंगही मुकाट्यानं निघून जातो. आत्यानं वाटीत पाणी घेतलं. बोट बुडवलं. मास्क उलटा करून पट्टीवरून ते हलकेच फिरवलं, जसं पैठणीच्या काठावरच्या बुट्टीजवळ डाग पडला तर ती फिरवायची, विणलेल्या नक्षीला धक्का न लावता. कोपऱ्यातला ठिपका तिनं सोडला. तो पेटायला हवा, हे तिला माहीत होतं. हेमांगीनंच सांगितलं होतं.

सुयोगनं थेंब टाकला, फोटो काढला, कोपरगावला धाडला. आणि लगेच बाळाला छातीशी धरून हेमांगी फोनवर आली.

"आत्या! काळी! पूर्ण काळी! एकच ठिपका, आपला कोपऱ्यातला!" ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "मला सांगवत नव्हतं तुम्हाला, पण मी फार घाबरले होते हो. तुम्ही नसाल पाळण्याजवळ तर मला बारसंच नको, असं म्हणाले होते मी आईला."

आत्याला उलटून काहीतरी बोलायचं होतं. तिनं एवढंच म्हटलं, "बाळाच्या कानावर टोपरं घे. वारा आहे."

बारशाला घर भरलं. पाळण्याला आत्यानंच रंगवलेल्या रेशमाचे गोंडे होते. घुगऱ्यांचा वास सुटला होता. कोपरगावच्या विहीणबाई पदर सावरत सगळ्यांना सांगत होत्या, "आमच्या व्याह्यांकडे सगळ्यांच्या पट्ट्या काळ्या." आत्या नव्या हिरव्या लुगड्यात आली तेव्हा बायकांनी वाट करून दिली. हेमांगीनं तिच्या हाताला हात लावला, कितीतरी दिवसांनी, आणि म्हणाली, "चला आत्या. तुमचीच वाट बघतेय ती."

आत्यानं दारातच श्वास भरून घेतला होता. तो तसाच कोंडून ती पाळण्याशी गेली. एक नाव, एका श्वासात. सोडायचा तो नंतर, लांब जाऊन. असा तिचा हिशेब होता.

ती वाकली. मागं बायकांनी हात उगारले. हसू, बांगड्यांची किणकिण. आणि त्या उगारलेल्या हातांची आठवण तिला आत्ता झाली. धपाटे! इतक्या जणींचे धपाटे पाठीत बसल्यावर कोंडलेला श्वास आत राहणार होता थोडाच? तो सगळा बाहेर येणार, खोकल्यासकट, वाकलेल्या तोंडातून सरळ खाली.

खाली पोरीनं जांभई दिली. चिमणीएवढं तोंड, आतून गुलाबी, सताड उघडं.

आत्या झटक्यात सरळ झाली. पदर तोंडावर दाबून, दोघीतिघींना कोपरानं ढकलत ती अंगणात गेली, पार भट्टीच्या भिंतीपर्यंत, आणि तिथं तिला खोकल्याची उबळ आली.

हेमांगी मागोमाग धावली. "जवळ येऊ नकोस!" आत्या ओरडली. "तिथंच थांब. पट्टीला मी रंगकाट लावलं होतं."

दारात उभ्या बायकांतल्या एकीनं दुसरीला विचारलं, "काय लावलं म्हणे?" तिसरीनं तिला गप्प केलं.

रागावण्याआधी हेमांगीनं लॅबमधल्यासारखा प्रश्न विचारला. "सगळ्या पट्टीला की मध्येच?"

"मध्ये. कोपरा सोडून."

"म्हणून ठिपका पेटला." तिनं डोळे मिटले. "आणि आत्ता पाळण्यावर...?"

"दारापासून श्वास सोडलेला नाही मी. तुझ्या लेकीची शपथ."

"तिची शपथ घालू नका!" हेमांगी पहिल्यांदाच आत्यावर ओरडली. "कुणाच्याही शपथा घाला, तिची नको!"

आत्यानं मान खाली घातली. गल्लीनं हे कधी पाहिलं नव्हतं. विहीणबाईंना राहवलं नाही. "एवढा सोस मानाचा? लेकराच्या जिवापेक्षा?"

आत्याच्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं धारदार. तिनं ते गिळलं. "खरं आहे, विहीणबाई," ती म्हणाली.

हेमांगी आत गेली. आत्याला वाटलं, आता बॅग भरेल. पण ती आली ती हातात नवा मास्क घेऊन. तिनं तो लांबून सुयोगकडे दिला, सुयोगनं आत्याला. "आता माझ्या डोळ्यांसमोर," हेमांगी म्हणाली. "हात मांडीवर ठेवा. दिसतील असे."

आत्या शेवग्याखाली पाटावर बसली. या खेपेला शिव्या आल्या नाहीत, म्हणून ती जे सुचेल ते बोलत राहिली. रेशमाचा डिंक उकळून कसा काढतात, सुयोग लहानपणी रंगाच्या हंड्यात कसा पडला होता आणि आठवडाभर निळा कसा फिरत होता. दारातल्या बायका घुगऱ्या खात ऐकत होत्या. कुणी घरी गेलं नाही. असं बारसं सोडून कोण जाणार!

मग आत्यानं दुसरा मास्क लावला, हेमांगीनं पहिल्याची पट्टी उघडली, थेंब टाकला, वाट पाहिली, भिंग लावलं.

"दाखव," आत्या म्हणाली.

हेमांगीनं फोन सुयोगच्या हाती दिला, त्यानं तो आत्यासमोर लांब धरला. काळ्याभोर पट्टीवर हिरवे ठिपके होते. दाट नाही, पण बरेच. काही एकेकटे, काही दोरीसारखे एकाला एक लागून. जन्म रंगात गेला होता तिचा, पण असा हिरवा तिला कधी साधला नव्हता.

"हे सगळे जिते?"

"सगळे."

"आणि हे माझ्या तोंडातून...?" तिनं पाळण्याच्या दिशेनं पाहिलं.

"आत्या, ऐका," हेमांगी म्हणाली. आवाज आता लॅबमधला नव्हता. "गोळ्या सुरू होऊन तीन महिने होत आलेत. एकही चुकली नाही, मी रोज बघितलंय. आता इतके जिवंत असायला नकोत. याचा अर्थ तुमचे जंतू या गोळ्यांना दाद देत नाहीयेत. तुम्हाला वरवर बरं वाटतंय, आणि आत ते खाऊनपिऊन मजेत आहेत. जुन्या रंगात हे इतक्यात कळलंच नसतं. मेलेले आणि जिते सगळे लालच दिसले असते. आणि त्या काळ्या पट्टीवर भरवसा ठेवून आम्ही हीच औषधं चालू ठेवली असती. तुम्ही रक्त ओकायला लागेपर्यंत."

तिनं तिथूनच दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला तो सगळ्या अंगणानं ऐकला. जंतू कोणत्या औषधाला भीत नाही ते उद्या तपासायचं आणि औषध लगेच बदलायचं. दुसऱ्या औषधांनी हा आजार बरा होतो. वेळेत सापडलंय. घरातल्या सगळ्यांच्या पट्ट्या पुन्हा घ्यायच्या, आणि बाळाला खबरदारी म्हणून उद्याच दाखवून न्यायचं.

'वेळेत सापडलंय' या दोन शब्दांवर आत्या अडकून बसली. सापडलं कुणाला? तिनं तर लपवलं होतं. त्या पोरीनं जांभई दिली नसती तर? आणि ही दुसरी, जिला वर्षभर ती थुंकी तपासणारी म्हणत होती, तिनं बॅग भरली असती तर? बॅग भरायचा तिला हक्क होता. ती मास्क घेऊन आली.

"हेमे," आत्या म्हणाली.

"काय?"

"तुला मी थुंकी तपासणारी म्हणत होते."

"अजूनही म्हणता."

"आता नाही म्हणणार." आत्यानं नाक ओढलं. "रंगारीण म्हणीन. माझ्यापेक्षा पक्की. माझा रंग माझ्याच रंगकाटानं निघतो. तुझा मी काढला, तरी तू पुन्हा चढवलास."

हेमांगीला रडू आणि हसू एकदमच आलं. "आभार मानायची ही कसली पद्धत, आत्या?"

"मला येते तेवढी. बारा महिने गोळ्या खायला लावशील तरी खाईन. उलटून बोलणार नाही."

"बोला. बोललात की कळतं, फुप्फुस चालू आहे."

विहीणबाईंनी घसा खाकरला. "सगळं झालं, पण बारशाचं काय? पोर बिननावाची झोपलीय."

पुन्हा सगळे आत्याकडे बघायला लागले. नाव तिच्याच पोटात होतं. तिनं पाळण्यापर्यंत जायचं नाही, आणि नाव सांगायचा मान दुसऱ्या कुणाला द्यायचा म्हणजे...

"सुयोग सांगेल," आत्या म्हणाली.

"मी?" सुयोग दचकला. "बाप कुठं कानात नाव सांगतो, आत्या?"

"आजपासून सांगतो. तुला बहीण नाही, मी वाढवलेलं दुसरं पोर नाही. माझ्याऐवजी तूच उभा राहा. आणि पाठ मजबूत कर, धपाटे माझ्या वाटणीचे आहेत."

बायकांत हशा पिकला. सुयोग पाळण्याशी गेला. तिथून त्यानं दारातून अंगणात पाहिलं. "पण नाव काय?"

आत्यानं मास्क घट्ट केला आणि भट्टीच्या भिंतीला पाठ टेकून आवाज लावला. "मंजिष्ठा!"

"काय? मंजिरी?"

"मंजिष्ठा! बहिऱ्या! मं-जि-ष्ठा!"

शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "काय म्हणाली आत्या?" आणि पलीकडच्या मागावरून उत्तर आलं, "मंजिष्ठा!" कानात फुंकायचं नाव बाळाला कळायच्या आधी सगळ्या गल्लीला कळलं.

"अगंबाई," विहीणबाई म्हणाल्या, "नाव आहे की काढा?"

"काढाच आहे, विहीणबाई. रक्त शुद्ध करतो. आणि लाल रंगही देतो, आमच्या आजीच्या काळापासूनचा. लहान असेतो मंजू म्हणा, जीभ दुखायची नाही तुमची."

सुयोग वाकला. त्याचं 'कुर्रर्र' फार मिळमिळीत निघालं, मोटारसायकल चालू होत नाही तसं. पण बायकांना कशाचं काय! सगळ्यांचे हात एकदम पडले, काही तर आत्यावरचा जुना राग काढल्यासारखे. सुयोग कळवळला, पाळणा हलला, आणि मंजिष्ठा दचकून जागी झाली.

तिनं टाहो फोडला. साधासुधा नाही. मुठी आवळून, लालबुंद होऊन, श्वास पार तळापासून ओढून, अंगण ओलांडून भट्टीच्या भिंतीवर आदळेल असा. हेमांगी तिला उचलायला धावली.

"राहू दे, राहू दे जरा!" आत्या भिंतीपाशी उभी राहून ओरडली. मास्कच्या वर तिचे डोळे भरले होते. "रडू दे तिला. ऐका गं सगळ्याजणी, छाती कशी मोकळी आहे!"